आजोबा, बाबा, पोर, तान्हं

१२ जानेवारी

भिंगरे,

गेल्या पत्रात आशीर्वाद लिहायचे राहिले तर तू लगेच टोमणा मारलास. या खेपेला दुप्पट पाठवतोय. उरले तर मेहुण्यांना दे.

बातमी अशी की मी रंग कालवणं बंद करतोय. घाबरू नकोस, दुकान चालूच राहील. फक्त कंपनीचे बंद डबे विकायचे. गिऱ्हाईक आलं, तक्त्यावरचा चौकोन दाखवला, डबा हातात दिला, विषय संपला. ढवळणं नको, कोपरापर्यंत हात रंगवणं नको, "जरा गडद हवा होता हो" ही रड नको. बायकोच्या माहेरगावी येऊन नवं दुकान टाकलं त्याला वर्ष झालं. या वयात कोण रोज बादल्या ढवळत बसणार? कंटाळा आला, एवढंच. उगाच मनात दुसरं काही आणू नकोस.

तेव्हा आप्पांची ती दोन पितळी मापं, आजोबा आणि बाबा, इथे धूळ खात पडण्यापेक्षा तुझ्या दुकानात आलेली बरी. आप्पा गेल्यावर मी इकडे निघालो, तेव्हा वाटणी करताना किती हसलो होतो आपण! मोठी दोन मोठ्याला, धाकटी दोन धाकटीला. आता चौघं एकत्र राहू देत. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.

वहिनी मजेत आहे. शिवणाचं काम इतकं आलंय की माझ्या शर्टाचं बटण महिनाभर नंबरात उभं आहे.

तुझा,
दादा

*

२० जानेवारी

दादा,

नमस्कार. वाकून नाही, कंबर धरली आहे.

कंटाळा? तुला? शेजाऱ्यांच्या बकरीची शिंगं निळी करून, ती सुकल्यावर "छटा जमली नाही" म्हणून पुन्हा रंगवणारा माणूस तू. बकरी कंटाळली होती, तू नव्हतास. मला काय दूधखुळी समजतोस? काहीतरी झालंय आणि तू ते पत्राच्या घडीत लपवतोयस.

आजोबा आणि बाबा मी घेणार नाही. पाठवलेस तर त्याच माणसाबरोबर परत येतील.

तुझं पत्र वाचताना हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "मापांना कुणी अशी नावं देतं का?" मग सांगितलं त्यांना. आप्पांनी चार मापं करून घेतली होती. सगळ्यात मोठं बादलीएवढं, ते आजोबा. त्याचा दहावा हिस्सा बाबा. बाबाचा दहावा हिस्सा पोर, आणि पोराचा दहावा हिस्सा तान्हं, अंगठ्याएवढं. दहा तान्ह्यांनी पोर भरतं, दहा पोरांनी बाबा, दहा बाबांनी आजोबा. नावं तू ठेवलीस आणि आप्पांनी ती इतकी मनावर घेतली की रंगांच्या कृतीही त्याच नावांनी पाठ करून घेतल्या. शेवाळी आठवतो? "दोन बाबा पांढरा, चार पोरं हिरवा, एक पोर पिवळा, तीन तान्हं काळा." पाढे चुकले तर चालायचे, शेवाळी चुकला की जेवण बंद.

हे आयुष्यभर तराजू दुरुस्त करत आले, त्यामुळे असल्या गोष्टींत फार रमतात. त्यांनी विचारलं, "मोठी मापं दादाकडे, मग तू बाबा कशाने मोजतेस?" म्हटलं, दहा वेळा पोर ओतते. हात दुखतो, पण नवं माप करून घ्यायचा आळस त्याहून मोठा.

आता खरं सांग. काय झालंय?

भिंगरी

*

२८ जानेवारी

प्रिय वन्सं,

हे पत्र मी लिहिलंय हे तुमच्या दादाला कळता कामा नये. कळलं तर म्हणतील, बायको आणि बहीण एक झाल्या की माणसाने घर सोडावं.

कंटाळा वगैरे सगळं झूठ आहे. त्यांना वाटतंय की त्यांचे डोळे चालले. आंधळेपण नाही, रंगांचे डोळे. इथे आल्यापासून गिऱ्हाइकं म्हणतात, रंग फिकट झाला. पहिल्यांदा हे हसले. मग एका घराचे दोन दरवाजे रंगवायला आले. पहिल्याचा रंग कृतीप्रमाणे कालवला. यांनाच तो फिकट वाटला, म्हणून दुसऱ्याच्या वेळी डोळ्याच्या अंदाजाने थोडा चढवला. दोन दरवाजे शेजारी शेजारी लागले आणि घरमालकाने यांना भर रस्त्यात बोलावून दाखवलं.

मी म्हटलं, मापं तपासा. तर अंगावर आले. म्हणाले, "आप्पांची कृती चुकत नाही, मापं मी स्वतः तपासलीत. उरलं काय? डोळाच." डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या बाईंनी रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवली, म्हणाल्या सगळं उत्तम आहे. हे बाहेर येऊन म्हणतात, "त्यांना शेवाळी आणि पोपटी यातला फरक तरी कळतो का?"

आता सकाळी उठून माझी रिळं खिडकीत मांडतात आणि नावं घेतात. राखी, करडा, धुरकट. मी "बरोबर" म्हटलं तरी विश्वास नाही. काल माझ्या पोलक्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की मी लाजले, आणि हे विचारतात, "हा आमसुली आहे ना?" कपाळ माझं!

हसतेय, पण जीव तुटतो हो. रंग सोडला तर या माणसात उरेल काय? तुम्हीच काहीतरी युक्ती करा. तुमचं ऐकत नाहीत, पण तुमच्याशी भांडतात तरी.

तुमची,
वहिनी

*

४ फेब्रुवारी

दादा,

सांगत नाहीस तर नको सांगू. माझं एक काम कर.

सोबत शेवाळी रंग ओढलेल्या कागदाच्या पाच पट्ट्या आहेत. इथलं एक गिऱ्हाईक डोक्याला ताप झालंय. म्हणतं, प्रत्येक वेळी वेगळा रंग देता. माझ्याकडून पट्ट्यांची सरमिसळ झाली आणि आता कुठली आधीची, कुठली नंतरची, कळेना. फिकटाकडून गडदाकडे लावून त्यांचे नंबर मला कळव. नंबर मागे घातलेत. उजेडात बघ, चहा पिता पिता बघू नकोस.

आणि तुझ्या हातचा शेवाळी कृतीप्रमाणे कालवून त्याचीही एक पट्टी पाठव. डोळ्याच्या अंदाजाने काही घालायचं नाही. फक्त कृती.

वहिनीला सांग, पोलकी जरा रंगीत शिवत जा.

भिंगरी

*

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

पोलक्याचं तुला कसं कळलं, हे मी विचारत नाही. घरात फितुरी झालीय, बाकी काय. फितूर समोरच बसलाय आणि काजं करताना गाणं म्हणतोय.

पट्ट्या लावल्या. चार, एक, मग दोन आणि पाच, शेवटी तीन. दोन आणि पाच जुळ्या आहेत. एकाच डब्यातून काढल्यास. मला फसवायला निघालीस होय? गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नाही, तू माझी परीक्षा घेतेयस. अगं, शिंगं फुटली तुला. तुला ब्रश धरायला मी शिकवलं.

पण आता लपवण्यात अर्थ नाही. होय, मला भीती वाटते. पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. आप्पांचा शेवाळी मी झोपेत कालवीन, असं म्हणायचो. आता जागेपणी कालवतो आणि तो समोर परक्यासारखा दिसतो. पांढरट, अशक्त. कृती म्हणते बरोबर, डोळा म्हणतो चूक. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि आप्पांना खोटं ठरवायची माझी छाती नाही. तुझ्या पट्ट्या जमल्या हा तुक्का असेल. रोज तुक्का लागत नाही.

माझी पट्टी सोबत आहे. मला ती तुझ्या पाचही पट्ट्यांपेक्षा फिकट दिसते. आता हसू नकोस.

तू मापांचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. सगळी तपासली आहेत. दहा बाबा आजोबात ओतले, काठोकाठ. धाकटी मापं तू नेलीस, म्हणून इथल्या पत्रेवाल्याकडून नवं पोर आणि नवं तान्हं करून घेतलं. फार चोख माणूस आहे, लिटरच्या मापावरून शंभर मिलिलिटर आणि दहा मिलिलिटर मोजून दिलं, वर सरकारी शिक्काही आहे. दहा तान्ही पोरात ओतली, तीही काठोकाठ. म्हणजे मोठी बरोबर, धाकटीही बरोबर. उरलो मी.

तेव्हा हट्ट सोड. ज्याला ऐकू येत नाही त्याने गाण्याची शिकवणी घेऊ नये.

दादा

*

२० फेब्रुवारी

दादा,

नीट बस, पाणी पी आणि मग वाच.

तुझी पट्टी फिकट आहे! मला फिकट दिसली. ह्यांना दिसली, आणि ह्यांना तर मोरपंखी आणि निळा यातला फरक लग्नापासून कळलेला नाही. पोस्टमनला दाखवली, तो म्हणाला, "ताई, ही उन्हात राहिली होती का?" सगळ्या जगाला फिकट दिसते ती तुलाही फिकटच दिसली. मग तुझा डोळा चुकला कुठे? जुळ्या पट्ट्याही ओळखल्यास. तुझ्याएवढा डोळा मला असता तर मी इथली राणी झाले असते.

अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतास!

तुझा डोळा वर्षभर खरं बोलत होता आणि तू त्यालाच गप्प बसवत होतास, या गोष्टीचा मला इतका राग आलाय की परातभर कणीक मळून काढली. रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं, त्यामुळे पोळ्या खारट झाल्या.

आता चोर पकडू. हे काय म्हणतात ते ऐक. तुझी मोठी दोन मापं एकमेकांशी जुळतात, छान. धाकटी दोन एकमेकांशी जुळतात, छान. पण मोठी आणि धाकटी यांची गाठ तू कधी घालून दिलीस का? बाबा आप्पांच्या घरचा, पोर पत्रेवाल्याच्या घरचं. तू दोन्ही टोकं तपासलीस, सांधा राहूनच गेला.

आपला बाबा लिटरएवढा दिसतो, मान्य. मलाही तसंच वाटायचं. पण आप्पा कधी "लिटर" म्हणाले होते का?

आत्ता ऊठ. नव्या पोराने आप्पांचा बाबा भर. पाण्यानेच भर, रंग वाया घालवू नकोस. दहा पोरं मावायला हवीत. किती मावली ते लगेच कळव.

भिंगरी

*

२८ फेब्रुवारी

भिंगरे,

दहा ओतली. बाबा भरला नाही.

मला वाटलं, मोजायला चुकलो. पाणी फेकलं, पुन्हा ओतलं. वहिनीला मोजायला बसवलं. ती मोठ्याने मोजत होती, दहा म्हणून थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. अकरावं ओतलं, तरी काठ लांबच. मग अर्धं अजून. साडेअकरा, भिंगरे! साडेअकरा पोरांनी आप्पांचा बाबा भरतो!

म्हणजे वर्षभर मी पांढरा आप्पांच्या मोठ्या बाबाने घेत होतो आणि त्यात रंग लिटरच्या बारक्या पोराने घालत होतो. पांढरा पोटभर, रंग उपाशी. फिकट होणार नाही तर काय होणार! प्रत्येक रंग तेवढाच फिकट, आणि मी डोळ्यांना दोष देत बसलो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ओट्यावर पाण्यात बसलो तसाच. वहिनी म्हणाली, "अहो, विजार भिजली." म्हटलं भिजू दे. मग ती पण शेजारी बसली, तिचं लुगडंही भिजलं, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत राहिलो. शेवटी तिनेच डोळे पुसले. आधी तिचे आणि मग माझे.

भिंगरे, मला दिसतंय. सगळं नीट दिसतंय. मला पहिल्यापासून दिसत होतं!

एकच सांग. आता कुणाला खरं मानू? आप्पांना की पत्रेवाल्याला?

दादा

*

७ मार्च

दादा,

या पत्राची सुरुवात मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा कागद ओला झाला. म्हणून आता ह्यांनाच बोलू देते, मी फक्त लिहून घेतेय.

हे म्हणतात, दोघंही खरे. आप्पांचं एक घराणं, लिटरचं दुसरं. आप्पांनी (हे मीच ह्यांना सांगितलं) पहिला बाबा घरातल्या एका जुन्या तांब्यावरून घेतला आणि बाकी तिघं त्याच्यावरून काढले. मूळ पुरुष तांब्या. लिटरवाल्यांचा मूळ पुरुष वेगळा, पण घराणं भलतंच शिस्तीचं. दहा सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद, तितकीच खोल अशी पेटी केली की तिच्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं. तेच पाणी तराजूत घातलं की एक किलो भरतं. लांबी, माप, वजन, सगळे एकमेकांचे सख्खे. कुठूनही निघा, दुसऱ्याच्या घरी पोचता, आणि वाटेत कुणाला विचारावं लागत नाही. बोलता बोलता ह्यांचे डोळे असे चमकत होते, जणू ती पेटी ह्यांनीच शोधली.

शेवटी म्हणाले, "दादाला लिही, माणसांत सोयरीक करावी, मापांत करू नये. घ्यायचं तर घराणं अख्खं घ्यावं."

म्हणून तू कुणालाही निवड, पण चौघंही एकाच घरचे. कृती मात्र बदलायची नाही. आप्पांनी "दोन बाबा, चार पोरं" असंच शिकवलं. बाबा केवढा, हे कुठे शिकवलं? तांब्याचा घे नाहीतर लिटरचा घे, पोर त्याच्याच पोटचं असलं की शेवाळी शेवाळीच होतो.

मला आप्पा फार हुशार वाटले आज. जिवंतपणी नुसते कडक वाटायचे.

भिंगरी

ता. क. वहिनीला सांग, ओल्या लुगड्याची गोष्ट ह्यांना वाचून दाखवली. हे लाजले.

*

३० मार्च

भिंगरे,

आशीर्वाद, आणि या वेळी मोजून नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण बसायला फुरसत नाही. अख्खं घराणं घेतलं. पत्रेवाल्याकडून लिटर आणि दहा लिटरही करून घेतलं. चौघांची एकमेकांशी गाठ घालून दिली, प्रत्येकाची प्रत्येकाशी, सगळं काठोकाठ. आप्पांचे दोघं तुझ्याकडे निघालेत. परत पाठवलेस तर बघ. तुझा हात दुखायचा तरी थांबेल.

पहिला शेवाळी कालवला तेव्हा वहिनी काम टाकून बघायला आली. फळीवर पट्टा ओढला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हा. हाच तो." तिला रंगांतलं काही कळत नाही, पण माझ्या तोंडावरून कळलं म्हणे. त्या दोन दरवाजांच्या मालकाकडे मी आपणहून गेलो आणि दोन्ही नव्याने रंगवून दिले. आता तो रस्त्यात थांबवतो ते चहाला.

पण काल जे झालं त्याच्यासाठी हे पत्र.

एक म्हातारे गृहस्थ आले. हातात लाकडाचा तुकडा, तळहाताएवढा, जुन्या खिडकीचा. रंग असा की त्याला नावच नाही. कधीतरी निळा असेल, मग ऊन-पाणी खाऊन करडा झालेला, मध्येच हिरव्याची सावली. म्हणाले, घरातल्या बाकीच्या खिडक्या याच रंगाच्या हव्यात, बायकोला त्याचीच सवय आहे. तीन दुकानांनी नाही म्हटलं होतं.

भिंगरे, याची कृती नाही. आप्पांनीही शिकवली नसती. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना कंपनीचा तक्ता दाखवून वाटेला लावलं असतं.

मी मापं बाजूला सरकवली. डबे उघडले आणि नुसत्या डोळ्याने कालवायला लागलो. थोडं हे, थोडं ते, थांबायचं, तुकड्याकडे बघायचं. एकदा वाटलं झालं, पण डोळा म्हणाला, अजून जरा करडा. मी ऐकलं. मग तो म्हणाला, बस. मी तेही ऐकलं.

एका फळीवर रंग ओढून ती दारातल्या टेबलावर उन्हात ठेवली. सुकायला वेळ होता म्हणून गृहस्थ समोर चहाला गेले. रंग सुकला तसा मी त्यांचा तुकडा त्या फळीवरच ठेवला. परत आले, फळीपाशी उभे राहिले आणि इकडेतिकडे शोधायला लागले. टेबलाखाली वाकून बघितलं, खिसे चाचपले. मग जरा चिडूनच म्हणाले, "अहो, माझा तुकडा कुठे ठेवलात?"

तुकडा त्यांच्या नाकासमोर होता.

दादा